डिस्कचं नाव सांगायचं नाही

जबलपूरचा मुलगा लिहायला बसला म्हटल्यावर तुम्ही नर्मदेची वाट पाहून राहिले असाल. घाट, होडी, संगमरवर, चांदणं. नाही आहे. या गोष्टीत पाणी म्हणजे जबलपूरच्याच गोरखपूर बाजारातल्या आमच्या दुकानातला मटका, आणि त्याचा साखळीनं बांधलेला पेला, बस. प्रेमप्रकरण पण नाही आहे. आणि शेवटी मी सुधारतो असं धरून वाचत असाल तर आत्ताच उठा, चहा घ्या. ही गोष्ट एका हार्ड डिस्कची आहे, ती मशीनला कशी लावायची याची. कंटाळा आला ना? मलाही यायचा. तिथूनच सगळं बिघडलं.

मी जबलपूरजवळच्या पाटणचा. शाळेत मी अभ्यासापेक्षा मास्तरांचे आवाज काढण्यात पुढे. एकदा हेडमास्तरांच्या आवाजात बाहेरून ओरडून मी दोन वर्ग घरी पाठवले होते, आणि मार खाताना पण मारणाऱ्याचाच आवाज काढला, म्हणून दुप्पट खाल्ला. मग जबलपुरात कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला आणि या दुकानात लागलो. दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त होतात, मेलेल्या डिस्कमधून लोकांचे फोटो काढून मिळतात, आणि लग्नसराईत व्हिडिओ शूटिंग. मालकाला सगळे भैया म्हणतात, मी पण.

दुकानात मागच्या टेबलावर काका बसायचे. माझे कोणी लागत नव्हते. आमच्यासारखेच मराठी, चेरीतालला घर, जन्मभर फॅक्टरीच्या कॉम्प्युटर विभागात नोकरी करून रिटायर झालेले. अकराला यायचे, चारला जायचे. गिऱ्हाईकांचा जो काही डेटा आम्ही वाचवला तो एका मोठ्या डिस्कवर ठेवायचा आणि त्या डिस्कला कोणाला हात लावू द्यायचा नाही, हे त्यांचं काम. मला शिकवायचं हे पण त्यांचंच काम होतं, आणि ते त्यांना आवडत नव्हतं.

"पाटणहून बसमध्ये बसलास तेव्हा अक्कल सीटवर राहिली का रे?" हे त्यांचं गुड मॉर्निंग.

आता थोडंसं शिकून घ्या, मी पण शिव्या खाऊन शिकलो आहे. लिनक्सच्या मशीनला डिस्क जोडली म्हणजे ती लागली असं नसतं. तिला मशीनमध्ये एक जागा नेमून द्यावी लागते, त्याला माउंट करणं म्हणतात. लावताना अटी घालता येतात. काकांच्या डिस्कला दोन अटी होत्या, आणि त्या एका फाइलीत कायमच्या लिहून ठेवलेल्या होत्या. पहिली, फक्त वाचायचं, लिहायचं नाही. दुसरीचं नाव सिंक. कॉम्प्युटर मुळात थापाड्या आहे. कॉपी झाली म्हणून सांगतो तेव्हा निम्मा माल त्याच्या डोक्यातच असतो, मग सवडीनं डिस्कवर उतरवतो. सिंक लावलं की थाप बंद. जे आहे ते आधी डिस्कवर उतरव, मग तोंड उघड. त्यामुळे सगळं बैलगाडीच्या चालीनं होतं, पण मध्येच लाइट गेली तरी लिहिलेलं जात नाही.

डिस्कवर नवीन काही ठेवायचं असलं की काका रीमाउंट करायचे. म्हणजे डिस्क काढायची नाही, लागल्या जागीच तिची अट बदलायची. पाहुणा सोफ्यावर बसलेलाच आहे, त्याला उठवायचं नाही, फक्त सांगायचं की आता तुला फ्रीज उघडायची परवानगी आहे. काम झालं की परवानगी परत.

हे दोन मिनिटांचं काम काका अर्धा तास करायचे. चष्मा पुसायचे. खोकायचे. कमांड टाइप करायचे आणि प्रत्येक वेळी मला सांगायचे, "जागेचं नाव सांगायचं. डिस्कचं नाव सांगायचं नाही. दोन्ही तर कधीच नाही."

"काहून पण, काका?"

"कारण समजण्याइतकी जागा तुझ्यात नाही आहे. पाठ कर."

मग फाइली एकेक उतरायच्या. मग ते डिस्क परत फक्त-वाचा करायचे, मग अनमाउंटची, म्हणजे राहिलेलं उतरवून डिस्क सुटी करायची, कमांड द्यायचे आणि मशीनकडे बघून म्हणायचे, "चला, निघतो. कोणाचं काही लिहायचं राहिलं का?" कमांड पूर्ण झाली की मगच तार काढायचे. मग तार पुन्हा लावायचे, एक फाइल उघडून तपासायचे, आणि तेव्हा कुठे ज्यावरून माल उतरवला ते मेमरी कार्ड पुसायचे.

मी एकदा गुपचूप एका रिकाम्या डिस्कवर दोन्ही नावं देऊन रीमाउंट करून पाहिलं. झालं की. काही फुटलं नाही, काही जळलं नाही. तेव्हापासून काकांचा नियम मी मांजर आडवं जाण्याच्या यादीत टाकला.

आणि त्याचा खेळ बसवला. 'काका डिस्क उघडतात', पाच मिनिटांचा. सकाळी काका यायच्या आधी, बाजार थंड असताना, समोरचा मोबाइल कव्हरवाला यायचा, बाजूचा समोसेवाला यायचा, भैया खुर्ची वळवून बसायचा. मी चष्मा पुसायचो, खुर्चीत मावेनासा होऊन बसायचो, आणि खोकायचो. खोकल्यावर सगळ्यात जास्त हशा. तो मी मन लावून शिकलो होतो. आधी घशात खरखर, मग दोन कोरडे ठसके, मग एक लांब, ओढल्यासारखा, आणि शेवटी जणू काही झालंच नाही असं "हं". आठ महिने मी तो खोकला काढला.

एकदा काका लवकर आले आणि दारातच उभे राहिले. मला दिसलं नाही. हसू थांबलं तेव्हा मी वळलो.

"खोकला उशिरा घेतलास," ते म्हणाले. "मी पासवर्ड टाकायच्या आधी खोकतो." आणि मागे जाऊन बसले.

मी दुसऱ्या दिवसापासून पासवर्डच्या आधी खोकायला लागलो. खेळ आणखी रंगला, काका मागे बसलेले असताना पण.

मग कळलं की काकांच्या घशात गाठ आहे, आणि ती चांगली नाही आहे. नागपूरला ऑपरेशन, स्वरयंत्रच काढून टाकणार. भैयानं आम्हाला सांगितलं, "काकाजी की आवाज चली जाएगी यार." दुकानात सगळे गप बसले. ते गप बसणं मला सहन होईना, म्हणून मी काकांच्या आवाजात म्हणालो, "काहून गप झाले? मेलो नाही आहे अजून." समोसेवाला फसकन हसला, मग भैया पण. मला बरं वाटलं. आता सांगून राहिलो आहे म्हणून असं नका समजू की तेव्हा लाज वाटली होती.

ऑपरेशनला महिनाभर होता. काकांनी भैयाकडून दुकानाचा चांगला रेकॉर्डर मागून घेतला, लग्नात भटजींचे मंत्र घ्यायला वापरतो तो, आणि मागच्या खोलीत पंखा बंद करून रोज तासभर बसायला लागले. मला बोलावून एकदाच समजावलं, आणि त्या दिवशी शिवी दिली नाही.

काकूंना काचबिंदू. एका डोळ्याला काहीच नाही, दुसऱ्याला नुसता उजेड. घरात दोघंच. "तिला मी दिसत नाही, ती मला ऐकून चालते," काका म्हणाले. "आता मी बोलणार नाही. चिठ्ठी लिहिली तर ती वाचणार कशी? म्हणून लागतील ती वाक्यं भरून ठेवतो. तू टॅबवर बटणं करून दे. मी दाबीन, तिला ऐकू येईल."

चारशेच्या वर वाक्यं झाली. मी फाइलींना नावं दिली म्हणून मला माहीत आहेत. डावीकडे पायरी आहे. ही नाही, पांढरी गोळी. गॅस मी बंद केला. बेल वाजली, मी बघतो. स्टूल वाटेत ठेवू नको, किती वेळा सांगू. मीठ जास्त झालं. मीठ बरोबर आहे. मी इथेच आहे. हे शेवटचं त्यांनी तीन तऱ्हेनं भरलं होतं, हळू, मध्यम आणि जोरात, दुसऱ्या खोलीतून सांगितल्यासारखं. आणि खोकला आला की ते वाक्य पुसून पुन्हा भरायचे. कधी कधी एका वाक्याला सहा-सहा वेळा. बाहेर ऐकू यायचं. मी बाहेर बसून तेच वाक्य हळूच खोकल्यासकट म्हणायचो आणि कव्हरवाला तोंड दाबून हसायचा.

सगळं त्या रेकॉर्डरच्या कार्डावर होतं. काका म्हणाले होते, शेवटचं वाक्य झालं की मी स्वतः डिस्कवर उतरवतो. पण नागपूरच्या हॉस्पिटलमधून फोन आला की बेड मिळतो आहे, उद्याच या. काका आणि काकू पहाटेच्या गाडीनं निघाले. दुपारी मला फोन, की आता डिस्कवर तूच उतरव.

आवाज तोपर्यंत फाटून गेला होता. मी फोन स्पीकरवर टाकला. भैया, समोसेवाला, कव्हरवाला, तिघंही होते.

"ऐक," काका म्हणाले. "जागेचं नाव सांग, डिस्कचं नाही."

"जागेचं नाव, डिस्कचं नाही," मी म्हणालो. त्यांच्याच आवाजात.

"घाई करू नको. वेळ लागेल."

"घाई करू नको. वेळ लागेल." पाठोपाठ खोकला. समोसेवाल्याचे खांदे हलून राहिले होते.

मग काका म्हणाले, "हसणं झालं की कर. काढून, पुन्हा लावून, ऐक. मग कार्ड पुस." आणि फोन ठेवला.

मग मी तो खेळ केला, जन्मातला सगळ्यात चांगला. खुर्ची, चष्मा, पासवर्डच्या आधी खोकला. कमांड लिहिताना मी प्रेक्षकांकडे वळून म्हणालो, "डिस्कचं नाव सांगायचं नाही", आणि बोटांनी डिस्कचं नाव टाइप केलं. जागेचं पण केलं. दोन्ही. टाळी पडली. मशीननं काही तक्रार केली नाही. डिस्क लिहायला उघडली. मी कार्डावरच्या फाइली टाकल्या, आणि त्या झटक्यात उतरल्या. अर्धा तास लागणारं काम डोळ्याची पापणी लवायच्या आत.

"देखो," मी भैयाला म्हणालो, "काकाजी इतने साल से नाटक कर रहे थे."

डिस्कवरच्या यादीत सगळीच्या सगळी नावं दिसत होती. मी एक उघडून पण पाहिली, नाही असं नाही. 'मी इथेच आहे', जोरातलं. वाजलं. त्याच्यावर मी माझा आवाज लावून दाखवला, आधी काका, मग मी. कव्हरवाला म्हणाला, आँख बंद करो तो फर्क नहीं. मग मी उभा राहिलो, मशीनकडे बघून म्हणालो, "चला, निघतो. कोणाचं काही लिहायचं राहिलं का?", आणि तार उपटली. वाक्य म्हणालो. कमांड दिली नाही.

डिस्क कपाटात ठेवली. पुन्हा लावून ऐकलं नाही, कशाला, आत्ताच तर ऐकलं होतं. कार्ड पुसलं. संध्याकाळी भैया ते कार्ड घेऊन एका लग्नाला गेला आणि हळदीपासून विदाईपर्यंत गच्च भरून आणलं.

तीन आठवड्यांनी काका-काकू परत आले. मी टॅब आणि डिस्क घेऊन चेरीतालला गेलो. दार काकांनी उघडलं. गळ्यावर पांढरं जाळीदार फडकं, त्याच्या मागे भोक, श्वास तिथून येऊन राहिला होता, बारीक शिट्टीसारखा. मान हलवून मला आत घेतलं. काकू दिवाणावर बसल्या होत्या, हातात रिकामी वाटी.

"आला का रे?" काकू म्हणाल्या. "तीन आठवडे झाले, हे टाळ्या वाजवून बोलतात माझ्याशी. एक टाळी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. सकाळी तीन वाजवल्या, मी अर्धा तास विचार करून राहिले. लाव आता."

मी काकांच्या घरच्या मशीनला डिस्क लावली. नावं सगळी होती. डावीकडे पायरी आहे. पांढरी गोळी. गॅस मी बंद केला. नावांपुढे फाइल केवढी ते लिहिलेलं असतं. सगळ्यांपुढे शून्य. मी खालपर्यंत गेलो, शून्यच. मी इथेच आहे, तिन्ही तऱ्हेचं, शून्य, शून्य, शून्य. दुकानात ऐकलं होतं ते डिस्कवर नव्हतंच. मशीनच्या डोक्यात होतं, आणि मी तार उपटली तेव्हा तिथेच राहिलं.

काका माझ्या खांद्यावरून बघून राहिले होते. त्यांना सांगायची गरज पडली नाही. शिट्टी जरा वेळ थांबली आणि मग पुन्हा सुरू झाली.

"लाव ना रे," काकू म्हणाल्या. "कोणतंही लाव."

मी का केलं ते मला अजून सांगता येत नाही. टॅब तोंडाजवळ धरला आणि काकांच्या आवाजात म्हणालो, "मी इथेच आहे." जोरातलं, दुसऱ्या खोलीतून सांगितल्यासारखं. आणि सवयीनं, शेवटी, एक ठसका.

काकूंनी वाटी खाली ठेवली. चेहरा एकदम उजळला, आणि त्यांनी काकांचा हात शोधायला हात पुढे केला. मग हात थांबला.

"यात खोकला कसा?" त्या म्हणाल्या. "खोकल्याचं एकही ठेवलं नाही म्हणाले होते मला. गाडीत सांगितलं होतं."

मी टॅब खाली घेतला.

"हा तू आहेस," काकू म्हणाल्या. "बाकीचं कुठे आहे?"

"काकू, ते... मशीनमध्ये जरा..."

"यांना विचारते मी. आहे का हो?"

काकांनी दोन टाळ्या वाजवल्या.

काकांनी वही ओढली आणि पेन्सिलीनं लिहायला लागले, दाबून, कागद फाटेल असं. पान माझ्यापुढे धरलं. मी वाचलं आणि खाली मान घातली.

"काय लिहिलं?" काकू.

"रागावले आहेत, काकू."

"ते मला कळतं. वाच. मोठ्यानं वाच. आणि तुझ्या आवाजात वाच, पुन्हा तो आवाज काढलास तर या घरातून नीट चालत जाणार नाहीस."

माझा आवाज कसा आहे ते मला एक क्षण आठवेना. मग मी वाचलं.

"गाढवा. नुसतं जागेचं नाव सांगितलं की मशीन अटींची फाइल उघडतं, जुन्या अटी वाचतं आणि तुझी नवीन अट त्यांच्यात मिळवतं. दोन्ही नावं सांगितली की ते फाइलीकडे बघतही नाही. जुन्या अटी टाकून देतं आणि तू सांगितलं तेवढंच धरतं. तू लिहायची परवानगी दिलीस. सिंक सांगितलं नाहीस, म्हणून सिंक गेलं. तू विचारलं होतंस काहून, मी सांगितलं नाही, तो माझा माज. पण काढून, पुन्हा लावून ऐक, हे मी त्या आवाजात तुला सांगितलं होतं, आणि तेवढं बोलायला मला काय लागलं ते तुला माहीत नाही."

मी थांबलो.

"पुढे?" काकू म्हणाल्या.

"एवढंच आहे."

"खोटं बोलू नको. मी पेन्सिल ऐकून राहिले होते. ते मध्ये थांबले आणि पुन्हा लिहिलं. खालचं वाच."

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"तू कामाचा नाहीस," मी वाचलं, "हे मी भैयाला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. तो म्हणाला, राहू द्या काकाजी, पोरगा हसवतो. मी पण हसायचो, मागे बसून. ती माझी चूक. आता डिस्क ठेव आणि नीघ."

"पुन्हा वाच," काकू म्हणाल्या. "पहिल्यापासून. आणि घाई करू नको, मला सगळं ऐकायचं आहे."